टॉप गिअरचा दहावा सीझन बघताना बॉनेटखाली बघा

बीबीसीच्या टॉप गिअर या गाड्यांवरच्या कार्यक्रमाचा सर्वांत चांगला सीझन कोणता, या वादात माझं मत कायम दहाव्याला. ७ ऑक्टोबर ते २३ डिसेंबर २००७, बीबीसी टू, एकूण १० भाग. क्लार्कसन, हॅमंड, मे हे तिघंही सूत्रधार ऐन भरात होते, ते आहेच. पण या सीझनमध्ये पुढे काय घडणार हे बहुतेक वेळा गाडी ठरवते. नंतरच्या बऱ्याच भागांत गाडी कुठे आणि कशी आपटणार हे दोन मिनिटं आधीच कळतं.

चौथा भाग घ्या, बोट्सवाना. अटी अशा: गाडी आफ्रिकेतच घ्यायची, १५०० पाउंडांच्या आत, टू-व्हील ड्राइव्ह, आणि खडबडीत रस्त्यांसाठी बनलेली नको. क्लार्कसनने लान्चिया बीटा कूपे घेतली, मेने मर्सिडीज २३०ई, हॅमंडने १९६३ची ओपेल कॅडेट, तिचं नाव त्याने ऑलिव्हर ठेवलं. मकगडिकगडीच्या मिठागरावर वर कडक पापुद्रा आणि खाली चिखल. पापुद्रा फुटला की गाडी पोटावर बसते. म्हणून क्लार्कसन आणि मेने दारं, सीट, मिळेल ते काढून टाकलं. हॅमंडने ऑलिव्हरला हात लावला नाही, आणि ते बरोबरच होतं: ९९३ सीसीची ती गाडी जेमतेम ६७० किलोची, मर्सिडीजच्या निम्मी.

वजन काढण्याइतकाच मोठा उपाय टायरमध्ये असतो. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. ३० पीएसआयवरून (हवेचा दाब मोजायचं एकक) १५-१६ वर आणलं की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो. त्याहून खाली गेलात आणि जोरात वळवलंत, तर टायर रिमवरून सुटतो. वेग ताशी ३०-४० किमीच्या आत ठेवायचा, चाक गरगर फिरू द्यायचं नाही, अडकलात तर आलेल्या चाकोरीतूनच मागे यायचं. डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरा, नाहीतर टायरची बाजू तापून फुटते.

दारं काढल्याची किंमत त्या दोघांनी लगेच मोजली: आधी तोंडात धूळ, मग ओकावँगोच्या जंगली जनावरांच्या मुलखात शिरताना मिळेल त्या सामानातून पुन्हा दारं ठोकणं.

आणि ऑलिव्हर नदीत बुडाली. हा प्रसंग लोक रडवेला हॅमंड बघण्यासाठी बघतात, खरं बघण्यासारखं आहे ते त्यानंतरचं. चालू इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, म्हणजे नाहीच. बॅटरी सोडवा. सगळे स्पार्क प्लग काढा, मगच इंजिन फिरवा. पाणी प्लगच्या भोकांतून पिचकारीसारखं बाहेर येतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल आणि फिल्टर बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, एअर फिल्टर टाकून द्या, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि प्लगच्या वायरी आतून-बाहेरून कोरड्या करा. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शिअलचं ऑइल लोक हमखास विसरतात, तिथेही पाणी शिरतं. १९६३च्या गाडीत एवढ्यावर भागतं, म्हणून ऑलिव्हर रात्रीतून उभी राहिली. आजच्या गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, आणि कनेक्टरांत नदी शिरली, तर सकाळपर्यंत काही होत नाही.

गाड्यांच्या बोटी करून इंग्लिश खाडी पार करण्याचा भाग जास्त गाजला. तिथेही मुद्दा साधा आहे. आत शिरलेलं पाणी वजन तर वाढवतंच, शिवाय गाडी कलली की त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. शेवटी तिघंही क्लार्कसनच्या निस्सान पिकअपमध्ये बसून फ्रान्सला पोचले. बुगाटी वेरॉन गाडी विरुद्ध युरोफायटर लढाऊ विमान ही शर्यत मात्र मला पोकळ वाटते. दिसायला भारी, पण निकाल बघून कळत काहीच नाही.

ब्रिटिश लेलँड या जुन्या कंपनीच्या गाड्यांवरच्या भागातली, गाडीच्या आत पाणी भरून ती चालवायची शर्यत वेडपट वाटते, पण दारांच्या फटी आणि रबर तपासायची याहून प्रामाणिक चाचणी नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि ते सगळं बाहेरच्या बाजूला ढकलत असतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग नववा: सिल्व्हरस्टोनची २४ तासांची ब्रिटकार शर्यत, बीएमडब्ल्यू ३३०डी, आणि स्वतः पिकवलेल्या रेपसीडचं बायोडिझेल. मोहरीच्या भावकीतलं हे पीक. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण २०० मिली मिथेनॉल आणि साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ५५ अंशांच्या आसपास ढवळायचं, खाली ग्लिसरीन बसतं, वरचं धुऊन पूर्ण सुकवायचं. तेलात पाणी राहिलं तर इंधनाऐवजी साबण होतो. मिथेनॉलची वाफ विषारी आणि भडकणारी, त्यामुळे बंद खोलीत हा उद्योग नको. बायोडिझेल टाकीतला जुना गाळही सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. सुरुवातीला जादा फिल्टर हाताशी हवेतच. जुन्या गाड्यांतले नैसर्गिक रबराचे पाइप तर ते फुगवून मऊ करतं.

अशा शर्यतीत डिझेलचा फायदा सरळ आहे: इंधन कमी लागतं, इंधन भरायला पिटमध्ये कमी वेळा यावं लागतं. मध्ये हॅमंडच्या पाळीत गाडी ठोकली गेली, दुरुस्तीत वेळ गेला, तरी एकूण ३९वा आणि गटात तिसरा क्रमांक आला. तिघं हौशी, एक स्टिग (कार्यक्रमाचा हेल्मेटधारी रेसिंग ड्रायव्हर), आणि शेतातलं इंधन.