केळी, बदाम आणि माझ्या पापण्या

भांडी बाजारातल्या आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: "डोळा फडफडतो म्हणजे मॅग्नेशियम कमी. रोज दोन केळी, मूठभर बदाम, 21 दिवसांत कायमचा आराम. बोटॉक्स विष आहे, पापणी जन्मभर लोंबते. मुळात हा मनाचा आजार आहे." तो पुढे ढकलणाऱ्यांपैकी दोघे रोज माझ्या दुकानात चहा पितात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

फडफडण्याचे प्रकार वेगवेगळे. एका डोळ्याची, बहुधा खालची पापणी बारीक थरथरते आणि समोरच्याला कळतही नाही, हे जवळपास सगळ्यांना कधी ना कधी होतं. जागरण, ताण, दिवसाला आठ-दहा चहा. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ते आपोआप थांबतं, आणि त्या काळात केळी खाल्ली असतील तर श्रेय केळ्यांना जातं. (आजी असती तर पुरुषाचा उजवा डोळा लवला म्हणून खूशच झाली असती.) मला आहे तो ब्लेफॅरोस्पाझम. यात दोन्ही डोळे गच्च मिटतात, उघडू म्हटलं तरी उघडत नाहीत. नजर शाबूत, पण द्वारका चौकात स्कूटरवर असताना मिटले तर नजरेचा काय उपयोग? बिघाड पापणीत नाही, मेंदूतून तिच्या स्नायूंना जाणाऱ्या हुकमात आहे. रक्तात मॅग्नेशियम खरंच कमी निघालं तर डॉक्टर देतीलच, पण त्याने हा हुकूम सुधारत नाही. त्यातून केळ्याचं नाव आहे ते पोटॅशियमसाठी.

"मनाचा आजार" हे मात्र मला लागतं, कारण सुरुवातीला एका डॉक्टरांनीही मला झोपेच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. जुन्या काळी डॉक्टरांचाही असाच समज होता. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ डेव्हिड मार्सडेन यांनी 1976 मध्ये हा डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू नको तेव्हा आवळण्याचा प्रकार असल्याचं मांडलं. संशय येण्याचं कारण मला कळतं. कानशिलावर बोट टेकवलं, शीळ घातली, गुणगुणलं की माझे डोळे थोडा वेळ उघडे राहतात. डॉक्टरांसमोर बसलो की शहाण्यासारखे वागतात. बघणाऱ्याला नाटकच वाटणार. प्रत्यक्षात अशा युक्त्यांनी आवळ सुटणं ही डिस्टोनियाचीच ओळख आहे. ताणाने त्रास वाढतो, खरं आहे, पण दुपारच्या उन्हात पितळी घागरींवरून येणाऱ्या तिरीपेनेही वाढतो. हल्ली मी घागरी आतल्या फळीवर हलवल्यात आणि दुकानातही गुलाबी झाक असलेला चष्मा घालतो. गिऱ्हाईक विचारतं, "काका, डोळे आलेत का?"

आता विषाबद्दल. बोटॉक्स म्हणजे या आजारावर मी घेतो ते इंजेक्शन. त्यातलं बोटुलिनम हे जिवाणूचं विष आहे, यात खोटं काही नाही. सुईतून जातं ते अत्यल्प, पापण्यांभोवती चार-पाच ठिकाणी. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, एवढंच त्याचं काम. अमेरिकेत 1989 मध्ये मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या याच आवळीसाठी. सुरकुत्यांची पाळी 2002 मध्ये आली. पापणी लोंबू शकते. माझी एकदा लोंबली, तीन आठवड्यांत जागेवर आली. डोळे कोरडे पडतात, थेंब लागतात. पण परिणामच मुळी साधारण तीन महिन्यांत ओसरतो, मग "जन्मभर" कुठून आलं? खरी तक्रार उलटी आहे: वर्षातून तीन-चार वेळा घ्यावं लागतं, दर वेळी खिसा हलका होतो आणि आजार मुळातून जात नाही.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये हवी होती. एकाच बाजूचा डोळा मिटतोय आणि त्याच बाजूचा गाल, ओठही ओढला जातोय, तर तो वेगळाच विकार असतो. बऱ्याचदा चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनी दाबत असते. तिथे मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं, आणि मानसिक आजाराच्या किंवा उलटीच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर तेही सांगायचं, कारण काही गोळ्यांनीही माझ्यासारखी पापण्यांची आवळ येते.

माझं पुढचं इंजेक्शन दहा दिवसांवर आहे. तोवर स्कूटर मुलगा चालवतो, मी मागे बसून शीळ घालतो.