डिशवॉशरचा पाइप ‘मोरीत सोडला की झालं’? नाही, होत नाही

गेल्या वर्षभरात एकच निरोप मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. जुन्या घरात डिशवॉशर बसवणाऱ्यांसाठीचा. त्यात म्हटलंय: प्लंबरला पैसे देऊ नका. मशीनच्या मागचा ड्रेनचा पाइप मोरीत सोडा, नाहीतर सिंकखालच्या भोकात खुपसा. मशीनला पंप असतो, तो पाणी ढकलतोच, त्यामुळे पाइप वर बांधायची गरज नाही. पाइप अपुरा पडला तर बागेचा पाइप जोडा. वास आलाच तर व्हिनेगर ओता.

आमची इमारत 1974 सालची. कडप्प्याचा ओटा, त्याच्या टोकाला मोरी, बाहेर बीडाची उभी लाइन. मशीन आलं त्या दिवशी आम्हीही हेच केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि त्यांच्या छतावरचा ओला डाग दाखवायला मला खाली घेऊन गेल्या. म्हणून हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

त्या निरोपात बरोबर आहे ते आधी सांगते. जुन्या स्वयंपाकघरात डिशवॉशर बसतं आणि त्यासाठी ओटा फोडावा लागत नाही. पाणीही फार नसतं. एका पूर्ण धुण्याला साधारण 10 ते 12 लिटर, तेही तीन-चार लिटर करत बाहेर येतं. सिंकमध्ये तेवढीच भांडी हाताने घासली तर याहून कितीतरी जास्त पाणी त्याच पाइपातून जातं.

आता ‘पंप असतो, वर बांधायची गरज नाही’ हे वाक्य. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. पंप फक्त पाणी काढायच्या वेळी चालतो. बाकीचा वेळ तो बंद असतो आणि पाइप म्हणजे मशीनच्या तळाशी जोडलेली एक उघडी नळी असते. ती नळी जमिनीवरून आडवी नेऊन मोरीत सोडली, की आतल्या पाण्याची पातळी वर आणि बाहेरचं टोक खाली. मशीन पाणी भरतं, ते आपोआप वाहून जातं. मशीन पुन्हा भरतं, पुन्हा जातं. साबणाची गोळी विरघळून मोरीत जाते, भांडी तेलकट राहतात, आणि शेवटी मशीन एरर दाखवून थांबतं. आपल्याला वाटतं मशीनच खराब निघालं. काही मशीनमध्ये हे टाळायची सोय आतच असते, पण आपल्या मशीनमध्ये ती आहे की नाही हे पुस्तिका वाचल्याशिवाय कळत नाही.

उलटी बाजूही आहे. पाइप सिंकच्या वेस्टला, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपाला जोडलाय, पण खाली लोंबतोय. सिंकमध्ये डाळीचं भांडं विसळलं, सिंकचा वेस्ट पाइप थोडा तुंबलेला असला की ते पाणी डिशवॉशरच्या दिशेने उतरतं. मशीनमध्ये पाणी उलटं येऊ न देणारी छोटी झडप बहुधा असते, पण तिच्यात भाताचं एक शीत किंवा मोहरीचा दाणा अडकला की ती पूर्ण मिटत नाही. धुतलेल्या भांड्यांवर सिंकचं पाणी, हे कुणालाच चालणार नाही.

म्हणून पाइप मशीनमधून निघाल्यावर आधी वर न्यायचा, ओट्याच्या कडप्प्याला खालून लागेल इतका वर. तिथे क्लॅम्पने पक्का बांधायचा आणि मग खाली जोडणीकडे आणायचा. फार उंचही नाही. पंप लहान असतो, आणि बहुतेक पुस्तिकांत साधारण 1 मीटरची कमाल मर्यादा दिलेली असते. ओट्याची उंची त्याच्या आत बसते, त्यामुळे अडचण येत नाही.

इथे एक बारकावा आहे, जो प्लंबरही कधीकधी विसरतात. नुसता वर वळसा दिला आणि टोक मोरीच्या ट्रॅपमधल्या, म्हणजे वास अडवायला पाणी साठून राहतं त्या भागातल्या पाण्यात बुडवून ठेवलं, तर नळी पूर्ण भरल्यावर वळशावरूनसुद्धा पाणी ओढलं जातं. रॉकेलच्या डब्यातून नळीने रॉकेल काढायचे, तसंच. ही ओढ हवा आत गेली तरच तुटते. म्हणून टोक पाण्यात बुडलेलं नको आणि भोवती हवेला वाट हवी.

‘सिंकखालच्या भोकात खुपसा’ हा दुसरा सल्ला. भोक म्हणजे सिंकचा वेस्ट पाइप जिथे भिंतीत किंवा जमिनीत जातो ती जागा. जुन्या इमारतींत सांडपाण्याची लाइन संडासाच्या लाइनपासून वेगळी असते आणि खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे इमारतीबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये उतरते. त्यामुळे अनेक घरांत सिंकला स्वतःचा ट्रॅपच नसतो, सगळी भिस्त मोरीतल्या नहाणी ट्रॅपवर. तो ट्रॅप म्हणजे पाण्याचा साधारण 50 मिलिमीटरचा पडदा. दुर्गंधी आणि झुरळं त्या पडद्यामुळे अडतात. ट्रॅपच्या पलीकडे, थेट लाइनमध्ये पाइप खुपसला, की पडदा बाजूलाच राहतो. गटाराचा वास फटीतून ओट्याखाली येतो आणि पाइपातून मशीनकडेही येऊ शकतो. मग व्हिनेगर कितीही ओता, वास बाहेरच्या लाइनमधला आहे, मशीनमधला नाही. काहीजण ती फट एम-सीलने बुजवतात. त्याने फटीतला वास थांबतो, पण ट्रॅप नसतो तो नसतोच, शिवाय हवेची वाट जाते आणि पुढे कधी पाइप काढायचा झाला तर तो कापावाच लागतो.

यावरचा उपाय कोणत्याही बऱ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नोझल, म्हणजे बाजूला फुटलेली छोटी नळी असलेला बॉटल ट्रॅप मागा. वॉशिंग मशीनच्या जोडणीचा म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. सिंकच्या जाळीखाली तो बसतो, बाजूच्या नोझलवर डिशवॉशरचा पाइप चढवून क्लिप आवळायची. नोझल ट्रॅपच्या पाण्याच्या वरच्या बाजूला असतं, त्यामुळे सिंकमधून हवा मिळते आणि वासही अडतो. नवीन नोझलचं तोंड बऱ्याचदा बंद असतं. ते कापून किंवा टोपी काढूनच पाइप चढवायचा. हे राहून गेलं की पहिल्याच धुण्यात पाणी अडतं आणि दोष मशीनवर येतो.

मोरीच वापरायची असेल तर? वापरता येते. भिंतीला 40 मिलिमीटरचा उभा पाइप क्लॅम्पने बसवा, त्याचं खालचं टोक नहाणी ट्रॅपमध्ये सोडा, आणि मशीनचा पाइप वरून त्यात सैलसर अडकवा. आमच्याकडे तो मोरीच्या जाळीवर नुसता ठेवलेला होता. पंप सुरू झाला की टोक थरथरून सरकायचं, पाणी मोरीच्या कठड्याबाहेर यायचं आणि टाइल्सच्या जुन्या सांध्यांतून झिरपायचं. रात्री मशीन लावून झोपल्यामुळे ते कुणी पाहिलंच नाही.

बागेच्या पाइपाबद्दल थोडक्यात. अर्ध्या इंची बागेचा पाइप मशीनच्या पाइपापेक्षा अरुंद असतो आणि जोरदार धुण्याचं पाणी 65–70 अंशांपर्यंत तापलेलं असतं. स्वस्त पाइप त्यात मऊ पडतो, सांधा सुटतो. लांबी वाढवायचीच असेल तर त्याच मापाचा ड्रेनचा पाइप घ्या, एकच सांधा ठेवा, आणि एकूण लांबी पुस्तिकेतल्या मर्यादेत ठेवा.

कडप्प्याच्या उभ्या फरशीतून पाइप न्यायचा असेल तर छिन्नी-हातोडी नको, फरशी तडकते. कोअर कटरने 50 मिलिमीटरचं भोक पाडून घ्या आणि कडेला रबर बसवा, नाहीतर मशीनच्या कंपनांनी धारदार कडेवर पाइप घासत राहतो.

आणि मशीन ओट्याखाली ढकलण्यापूर्वी सिंकला बूच लावून तो काठोकाठ भरा, मग बूच एकदम काढा. पाणी जात असताना डिशवॉशरचं दार उघडून तळाशी पाहा, नवीन पाणी आलेलं नसावं. मग सगळ्यात लहान धुणं लावा, ट्रॅपखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा आणि ते संपेपर्यंत तिथेच बसा. आमच्या कागदावर पहिल्या वेळी रुपयाएवढा ओला ठिपका आला होता. क्लिप अर्धा फेरा आवळली, दुसऱ्या वेळी कागद कोरडा राहिला.