दादाचा तक्ता कुठल्या रकान्यात भरायचा?

दुपारी दादाचा मेसेज आला. ‘नाही झालं गं. पहिल्याच चाळणीत गेलो.’

दादा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, खगोलशास्त्रातल्या पीएचडीच्या वेळचा माझा सीनियर. तीन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या, झाल्या, कायमच्या नोकरीसाठी हा कितवा अर्ज ते मी मोजायचं सोडलंय. मुलाखतीलाही बोलावलं नाही. कारण काय, तर एच-इंडेक्स कमी. तेव्हापासून डोकं फिरलंय.

या क्षेत्रात नसलेल्यांसाठी सांगते. दुसऱ्या पेपरांनी तुमच्या पेपरचा संदर्भ दिला की ते एक सायटेशन. तुमच्या नऊ पेपरांना प्रत्येकी निदान नऊ सायटेशन असतील, तर तुमचा एच-इंडेक्स ९. एकच पेपर लिहिलात आणि त्याला हजार सायटेशन मिळाली, तरी १! हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये हे माप काढलं. एका आकड्यात माणसाचं काम ढोबळपणेच मावतं, हे त्यानं त्याच पेपरात लिहून ठेवलंय. ते वाक्य निवड समित्यांपैकी किती जणांनी वाचलं असेल?

माझं पहिलं वर्ष आठवतं. एका रात्रीच्या निरीक्षणांत एका ताऱ्याचा प्रकाश मध्यरात्रीनंतर साधारण एक टक्क्यानं उतरलेला दिसला. सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला, तर प्रकाश साधारण इतकाच घटतो. माझे हात थरथरत होते. पेपरचं शीर्षकसुद्धा मनात ठरलं होतं. दादानं आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘शेजारचे तारे बघितलेस?’

शेजारचेही तेवढेच मंदावले होते. ग्रहबिह काही नव्हतं, डिटेक्टरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, तापमान सरकलं होतं. मग त्यानं आपला तक्ता उघडला. कुठल्या तापमानाला तो कॅमेरा किती चुकतो, चिपच्या कुठल्या कोपऱ्यात किती, सगळं दोन वर्षं खपून मोजलेलं. आमच्या गटातल्या प्रत्येकानं पुढे तो तक्ता वापरला, प्रत्येकाचे पेपर निघाले, आणि प्रत्येकानं शेवटी आभारांत त्याचं नाव घातलं. आभार सायटेशनमध्ये धरत नाहीत.

दुसरीकडे बघा. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवर जो मोठा पेपर आला, त्याला साडेतीन हजारांहून जास्त लेखक आहेत. त्या शोधाबद्दल मला अतोनात आदर आहे आणि तिथेही कित्येकांनी उपकरणांपाशी उमेदीची वर्षं घातली असणार. पण त्या पेपरचं प्रत्येक सायटेशन त्या सगळ्यांच्या खात्यात सारखंच पडतं, आणि दादाच्या खात्यात दोन वर्षांचं शून्य.

हो, मान्य, एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, सगळे कोण वाचणार. वशिल्यापेक्षा आकडा बरा, हेही मान्य. पण निदान शेवटच्या तीस जणांचा एकेक पेपर तरी उघडा ना! उमेदवाराला विचारा, ‘तू नक्की काय केलंस?’

हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेविटनं काचेच्या फोटोप्लेटांवर ताऱ्यांची तेजस्विता मोजण्यात आयुष्य घातलं. छोटा मॅजेलॅनिक मेघ या आपल्या शेजारच्या दीर्घिकेतल्या २५ ताऱ्यांवरून तिनं दाखवलं की तारा जितका तेजस्वी, तितकं त्याच्या लुकलुकण्याचं चक्र लांब. १९१२ च्या त्या परिपत्रकाखाली सही होती वेधशाळेच्या संचालकांची, पिकरिंगांची. पुढे खगोलशास्त्रज्ञ हबलनं देवयानी दीर्घिकेचं अंतर काढलं ते याच नियमावर, पण तोवर लेविट गेली होती. झ्विकी नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये दीर्घिकांच्या समूहात न दिसणारं वस्तुमान असल्याचं लिहिलं, ते कित्येक दशकं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दर तीन वर्षांनी नवी नोकरी शोधणाऱ्याला दशकं कोण देणार?

आणि आपली नवी मुलं हे सगळं बघतायत. उद्या कुठल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला एक टक्क्याची घट दिसली, तर तिला ‘शेजारचे तारे बघ’ म्हणणारा कुणी तिथे असेल का? की तोही पुढच्या पेपराच्या घाईत असेल?

संध्याकाळी दादाला फोन केला. मला वाटलं रडेल. तो माझ्याच नव्या डेटाची चौकशी करत बसला. कॅमेरा बदललाय तर जुना तक्ता तसाच लावू नकोस म्हणाला, आणि रविवारी बसून नव्यानं काढून देतो म्हणाला. फोन ठेवल्यावर मीच रडले.

कारण मीही तेच केलंय. माझ्या चार पेपरांत तो तक्ता आहे आणि चारही वेळा दादा आभारांतच. तेव्हा वाटलं, एवढं पुरे.

आत्ता पाचवा पेपर उघडून बसलेय. दादाचं नाव आभारांतून काढून लेखकांत दुसऱ्या जागी घातलंय आणि सहलेखकांना मेल पाठवलाय. कुणाची हरकत असेल तर त्यांनी तो तक्ता न लावता हाच आलेख काढून दाखवावा.