स्टेशनमास्तरवर ओरडून गाडी सुटत नाही

सकाळपासून तीच रील सगळ्या ग्रुपवर फिरतेय. कोकण रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनावर एक गृहस्थ स्टेशनमास्तरच्या खिडकीत मोबाईल घुसवून विचारतोय, "पाऊण तास गाडी का अडवलीय? सिग्नल द्यायला पैसे पडतात का तुमचे?" आत मास्तर एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने रजिस्टरात लिहितोय, मान वर करत नाही. खाली कॉमेंटी: सरकारी जावई, माज बघा, हाकला याला. पुढे ढकलणारे सगळे आपलेच, दर गणपतीला याच रुळांवरून गावी जाणारे. म्हणून डोकं फिरलं.

अहो, तो माज नव्हता. बहुतेक तो लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायला पुढच्या स्टेशनची परवानगी, घेत होता.

रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर ही कोकण रेल्वे ७४१ किलोमीटरची. त्यातला दुहेरी मार्ग फक्त रोहा ते वीर, ४६.८ किलोमीटर, तोही २०२१ मध्ये पूर्ण झाला. वीर सोडलं की रूळ एकच, साकवावरून चालल्यासारखं आहे: समोरून कुणी येत असेल तर अलीकडच्या काठावर थांबायचं. उक्षी आणि भोके या दोन स्टेशनांचं उदाहरण घ्या. मध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. भोक्याहून मुंबईकडची गाडी निघाली असेल तर मडगावकडे जाणारी गाडी उक्षीला थांबणारच. समोरची गाडी पूर्ण आत आली, शेवटच्या डब्यामागची 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल) पाटी दिसली, चाकांच्या जोड्या मोजणाऱ्या ॲक्सल काउंटरने सेक्शन, म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ, रिकामा दाखवला, की मग उक्षीचा मास्तर भोक्याकडे लाइन क्लिअर मागतो. ती मिळाली की गाडीला रूळ बदलून देणारे काटे फिरवून कुलूप होतात आणि तेव्हाच स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून सुटण्याचा सिग्नल, हिरवा होतो. यातली एक जरी गोष्ट बाकी असली तरी इंटरलॉकिंग, म्हणजे काटे आणि सिग्नल एकमेकांना बांधणारी यंत्रणा, सिग्नल हिरवा होऊच देत नाही. मास्तरच्या हाताखाली 'सोड' नावाचं बटण नसतं.

शिवाय लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, शिरताना काट्यांवरून वेग ताशी ३०. बावीस एलएचबी (नव्या धर्तीच्या) डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब, शेपूट आत यायलाच मिनिटभर जातं. म्हणजे दोन्ही गाड्या अगदी वेळेवर असल्या तरी लूपवाल्या गाडीची दहाएक मिनिटं गेलीच म्हणून समजा. समोरची गाडी वीस मिनिटं मागे असली तर मग खरी गंमत. आपली गाडी आणखी एक स्टेशन पुढे काढावी, तर तिथल्या लूपवर आधीच मालगाडी किंवा ट्रक लादलेली रो-रो उभी असू शकते. तीन गाड्या आणि दोन रूळ झाले की कुणीच हलत नाही. म्हणून अलीकडेच धरून ठेवतात. आणि हा निर्णय मास्तरचा नसतोच, दूर कंट्रोल रूममध्ये बसून गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्या सेक्शन कंट्रोलरचा असतो. रीलमधला माणूस ज्याच्यावर ओरडतोय तो त्या क्षणी दुसऱ्याचा हुकूम पाळतोय आणि रजिस्टरात खासगी नंबर, म्हणजे निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून फोनवर दिला-घेतला जाणारा आकडा, लिहितोय. तो एक आकडा चुकवून चालत नाही. म्हणूनच मान वर केली नाही त्याने!

त्याच रीलमध्ये मागे बघा. पाचसहा जण पाय मोकळे करायला उतरून मधल्या रुळावर उभे आहेत. जिच्यासाठी आपली गाडी बाजूला घेतलीय ती याच मेन लाइनवरून न थांबता जाणार. त्याबद्दल एकही कॉमेंट नाही.

एक मान्य करतो, नाइलाजाने. घोषणा करत नाहीत. "समोरून अमुक गाडी येतेय, अंदाजे पंचवीस मिनिटं" एवढं माइकवर सांगायला काही लागत नाही, आणि ते सांगितलं असतं तर हा गृहस्थ खिडकीपर्यंत गेलाही नसता. त्याच्या हातात पाण्याची रिकामी बाटली आहे, बाजूला एक लहान पोर रडतंय. उकाडा, गर्दी, पुढे उतरून एसटी गाठायची. त्याचा राग मला कळतो. राग चुकीच्या खिडकीत ओतला, एवढंच.

आता 'पावसाचं कारण सांगतात' या कॉमेंटीबद्दल. ही वाचून मात्र हात शिवशिवतात. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवार-मुंबई हॉलिडे स्पेशल दरडीवर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात. पावसाळी वेळापत्रक म्हणजे कुणाचा आळस नव्हे. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की लोको पायलटने ताशी ४० वर यायचं, असा आदेशच आहे. रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच. तिथे, आणि गोव्यात मांडवी, झुआरीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजायला यंत्रं आहेत. सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. आणि रात्री दोन वाजता डोंगर कापून केलेल्या कटिंगमधून कंदील, लाल झेंडे आणि डेटोनेटर (चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारे फटाके) घेऊन चालणारा गस्तवाला आहे. दरड दिसली की त्याने गाडीच्या दिशेने पळत सुटायचं, ६०० मीटरवर रुळावर एक डेटोनेटर, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. तुमची वीस मिनिटं गेली म्हणून तुम्ही याला जावई म्हणता?

शिव्या द्यायच्याच असतील तर पत्ता देतो.

कोकण रेल्वे हा मध्य किंवा पश्चिम रेल्वेसारखा झोन नाही. १९९० साली काढलेलं महामंडळ आहे, भांडवलातला मूळ वाटा असा: केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ सहा-सहा. झोनला अर्थसंकल्पातून सरळ पैसा मिळतो, महामंडळाला कर्ज काढावं लागतं. म्हणून तर इथल्या तिकिटात प्रवासी अंतर ४० टक्के वाढवून धरतात. किलोमीटर शंभर, भाडं एकशेचाळीसचं. हेच महामंडळ काश्मीरमध्ये नदीपासून ३५९ मीटर उंचीवर चिनाबचा पूल उभा करतं, आणि स्वतःच्या रुळाला जोडरूळ घालायला पैसे नाहीत. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, चांगलं झालं, डिझेल वाचलं. पण विजेची गाडीही क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, थांबतेच. कडवई, वेरवली, खारेपाटण ही मधली क्रॉसिंग स्टेशनं झाली त्याचा खरा फायदा झाला, कारण दोन लूपमधलं अंतर कमी झालं. ती झाली तेव्हा कुणी रील केली नाही.

आणि या सगळ्यात लूपवर कायम कोण? दिवा-सावंतवाडी. वंदे भारत आली, बाजूला व्हा. राजधानी आली, बाजूला व्हा. ज्यांच्या जमिनी या रुळाखाली गेल्या त्यांच्या स्टेशनांवर थांबणारी गाडी सगळ्यात शेवटी. रत्नागिरीची पॅसेंजर तर कोविडपासून दादरला जातच नाही, दिव्याला संपते. म्हाताऱ्या माणसांनी फणस, तांदळाची गोणी, नातवंडं घेऊन दिव्याचा जिना चढायचा आणि खच्चून भरलेल्या लोकलमध्ये शिरायचं. दादरला फलाट मोकळा नाही म्हणे. तिथून लांबच्या जादा गाड्या बरोबर सुटतात. यात कोकण रेल्वेला बोलून उपयोग नाही, रोह्याच्या उत्तरेचा मार्ग मध्य रेल्वेचा. पनवेलला रखडलेल्या गाडीचं पापही आपण कोकण रेल्वेच्या माथी मारतो ते असंच.

महाराष्ट्राने २०२५ मध्ये भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला होकार कळवला, 'कोकण रेल्वे' हे नाव राहावं अशी अट घालून. नाव राहू दे, उत्तम. पण विलीन झालो म्हणून दुसरा रूळ आपोआप पडत नाही. बोगदे, पूल, कटिंग सगळं पुन्हा खणायचंय, आणि ते टप्प्याटप्प्यानेच होणार. तेव्हा वीर ते चिपळूण आधी की चिपळूण ते रत्नागिरी, हे आत्ताच कुणीतरी ठरवायला हवं.

गणपतीत खासदार घरोघरी येतात. त्यांना 'यंदा जादा गाड्या किती' हे विचारू नका. जादा गाडी त्याच एकेरी रुळावर येते आणि आणखी क्रॉसिंगं वाढवते. वीरच्या पुढचा पहिला टप्पा कोणता आणि पॅसेंजर दादरला परत कधी, एवढंच विचारा. दुसऱ्यावर 'तो मध्य रेल्वेचा प्रश्न आहे' असं उत्तर येईल, आणि ते खरंही आहे. मग मध्य रेल्वेला तुम्ही काय पत्र लिहिलंत, त्याची प्रत मागा.