दिवाळी अंकासाठी कथा कशी पाडावी

जून संपता संपता संपादकांचा फोन येईल. 'ऑगस्टपर्यंत द्या, दोन-अडीच हजार शब्द, विषय तुमच्या आवडीचा.' मानधनाचं विचारू नका. ते अंकाच्या एका प्रतीच्या रूपानं येतं, तेही पोस्टमनच्या घरी कुणी वाचणारं नसेल तर.

घाबरू नका. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून इतक्या कथा छापून झाल्यात की नवीन काही सुचायची तुमच्यावर सक्ती उरलेली नाही.

सुरुवात पावसानं करा. 'बाहेर पाऊस कोसळत होता.' बाहेरच कोसळू द्या. आत गळायला लागला तर ती चाळीची कथा होते आणि मग सगळ्या पात्रांच्या नोकऱ्या बदलाव्या लागतात.

नायक अनिरुद्ध. तो 'तिकडे' असतो. तिकडे काय करतो, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, तुम्ही कशाला डोकं शिणवता? वडील गेल्यावर तो कोकणातलं घर विकायला येतो. माळ्यावर ट्रंक, ट्रंकेत पत्र. आत नुसत्या डांबरगोळ्या निघाल्याची कथा मी अजून वाचलेली नाही. घर राखणारा एक म्हातारा हवाच. त्यानं 'खंय होतंस रे झिला?' एवढं मालवणीत विचारलं की प्रादेशिकतेचं काम झालं. पुढच्याच वाक्याला तो निवृत्त प्राध्यापकासारखा बोलू लागला तरी चालतं: 'माणसं निघून जातात अनिरुद्ध, घरं वाट पाहतात.'

झाडांच्या बाबतीत मात्र जपून. माझा नायक गणपतीत घरी आला होता आणि मी परसात पिकल्या फणसाचा घमघमाट सोडला होता. देवगडकडच्या एका वाचकाचं कार्ड आलं: 'आमचे फणस आषाढातच आटपतात. तुमच्या झाडाचं कलम मिळेल काय?' तेव्हापासून मी प्राजक्तच वापरतो. खरा प्राजक्त रात्री उमलतो नि पहाटे गळतो. आमचा संध्याकाळी गळतो, कारण नायिका ऑफिसातून तेव्हा सुटते. त्याबद्दल अजून एकही कार्ड नाही.

आता कथानक. ना. सी. फडक्यांनी तंत्र शिकवलं, गाठ कशी मारावी नि कशी सोडवावी. पुढे नवकथावाले आले आणि त्यांनी तंत्राची पार रया घालवली. आपण दोघांचाही मान राखायचा. गाठ फडक्यांसारखी मारायची आणि सोडवायच्या वेळी नवकथेकडे बोट दाखवायचं.

शेवटासाठी फार जागू नका. माझा अनुभव सांगतो. माझ्या नायकानं थरथरत्या हातांनी पत्र उघडलं आणि खाली कंस: 'पान २१४ वर'. मी २१४ उघडलं. तिथे एका पतपेढीची जाहिरात, खाली वृश्चिक राशीचं भविष्य. पत्रातला मजकूर, ज्याच्यासाठी मी तीन रविवार घालवले होते, अंकात कुठेच नव्हता. संपादकांना फोन केला, तर ते पुढच्या वर्षीच्या कथेची आठवण करून देऊ लागले.

वाचकांच्या तक्रारी येतील म्हणून मी आठवडाभर धास्तावलेला. एकच फोन आला, शेजारच्या सोसायटीतल्या काकांचा. म्हणाले, 'पत्रात काय होतं ते सांगितलं नाहीत, तिथे जिंकलंत हो!'