आधी जाहीर करा, मग व्हीगन व्हा

व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीही खायचं-वापरायचं नाही, असं ठरवलंत? उत्तम. पण लगेच फ्रिजकडे धावू नका. दूध, चीज, अंडी, मध यांतलं काहीही सोडण्याआधी ते सोडल्याचं जाहीर करायचं असतं. प्रत्यक्ष सोडणं पुढे जमेल तसं होत राहील; घोषणेची वेळ मात्र चुकता कामा नये. १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन. १९९४ पासून तो पाळला जातो, आणि त्याचा मोठा फायदा असा की ३१ ऑक्टोबरपर्यंत घरातलं चीज संपवायला तुम्हाला हक्काची सवड मिळते. इतका धीर नसेल तर चारचौघांचं जेवण गाठा. सगळ्यांचा पहिला घास तोंडात गेला की खाकरा आणि वासरांचं काय होतं ते सांगायला घ्या. गाय आपोआप दूध देत नाही, त्यासाठी तिला आधी वासरू व्हावं लागतं आणि तो गोऱ्हा निघाला तर दूधधंद्याला त्याचा काही उपयोग नसतो, हे सगळं खरंच आहे. म्हणूनच तर काळजी घ्यायची. हेच जेवणं झाल्यावर, कुणी विचारलं म्हणून, शांतपणे सांगितलंत तर लोक ऐकून घेतील. मग पुढे काय करणार?

या चळवळीला संघटनेचं रूप देणाऱ्या डोनाल्ड वॉटसन यांचा आदर्श तर मुळीच ठेवू नका. १९४४ मध्ये इंग्लंडात, युद्ध चालू असताना, मूठभर लोकांना घेऊन त्यांनी व्हीगन सोसायटी काढली. पेशाने ते शाळेत सुतारकाम शिकवायचे. ९५ वर्षं जगले, आणि इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या ताटाचा एकही फोटो कुणाला पाठवल्याची नोंद नाही. त्याआधी, अकराव्या शतकात, अल-मआरी नावाच्या अंध अरबी कवीने मासे, दूध, अंडी आणि मध या सगळ्यांवर काट मारली होती. तो घराबाहेर फारसा पडतच नसे. प्रसिद्धीचं अंग नसलेल्या माणसांच्या हातून अशी कामं होतात आणि मग ती हजार वर्षं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आता स्वयंपाकघर. इथे पहिला धोका असा की तुम्ही आधीपासूनच रोज जे शिजवता त्यातलं बरंचसं व्हीगन असू शकतं. डाळ, भात, उसळ, तेलातली भाजी, फळं, शेंगदाणे यांत एकही प्राणी नाही. असल्या जेवणाचा उल्लेखही करू नका. ज्यात काही सोडल्याचं दिसत नाही, ते खाऊन काय मिळवलं? व्हीगन जेवण म्हणजे कशाची तरी हुबेहूब नक्कल असली पाहिजे. चीजपासून सुरुवात करा. खरं चीज वितळल्यावर तार धरतं ते दुधातल्या केसीन या प्रथिनामुळे. झाडपाल्यातून केसीन मिळत नाही म्हणून बहुतेक नकली चीज खोबरेल तेल आणि स्टार्चवर उभं असतं. ते तापवलं की तार येत नाही, वरती तेल सुटतं आणि तुकडा घाम फुटलेल्या पाहुण्यासारखा जागच्या जागी बसून राहतो. अशा वेळी डोळे मिटून म्हणायचं, ‘फरकच कळत नाही!’ समोरचा काही बोलायच्या आत म्हणायचं, हे महत्त्वाचं.

त्याहून मजा अंड्याच्या नकलेत. शिजवलेल्या काबुली चण्यांचं उरलेलं चिकट पाणी फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, हे २०१४ मध्ये फ्रान्समधल्या एका हौशी खवय्याने दाखवून दिलं आणि जगभरच्या मोरीत जाणारं पाणी एका रात्रीत भांड्यात जाऊ लागलं. पदार्थ खरोखर अफलातून आहे. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं. आधी ते गढूळ आणि पातळ दिसतं, चण्याचा वास मारतं, आणि बीटर फिरवता फिरवता ‘हे काही व्हायचं नाही’ असं वाटत असतानाच आठ-दहा मिनिटांत पांढरंशुभ्र होतं, चमकायला लागतं, भांडं उलटं केलं तरी खाली पडत नाही. भाजल्यावर वासही जातो. हा आनंद निखळ असल्याने तो लगेच आटोपा आणि मूळ कामाला लागा: पाहुण्यांना पूर्ण खाऊ द्या, तारीफ करू द्या, आणि मग विजयी मुद्रेने सांगा की तुम्ही आत्ता चण्याचं पाणी खाल्लंत. घरातली मावशी त्यानंतर तुमच्याकडे पाणी प्यायलाही तयार होणार नाही, पण तत्त्वासाठी एवढं सोसावंच लागतं. उरलेल्या चण्यांचं काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते फ्रिजमध्ये मागच्या बाजूला असतात.

कॉफीत सोयाचं दूध फुटलं तर दोष कॉफीला द्या. कॉफी आंबट असते, वर कडकडीत गरम. त्या दोन्हींच्या माऱ्यात सोयाची प्रथिनं गोळा होतात. दूध आधी कोमट करून घेतलं, कॉफी जराशी निवू दिली आणि हळूहळू ओतली की बहुधा फुटत नाही. पण ही युक्ती लोकांना सांगितली तर त्यांनाही जमेल, आणि सगळ्यांना जमायला लागलं तर तुमचं वेगळेपण काय राहिलं? त्यापेक्षा बदामाचं दूध घ्या. ते दिसायला उच्चभ्रू आहे. मधाला तुम्ही शिवत नाही, कारण मधमाश्यांचं शोषण. बदाम मात्र चालतात. कॅलिफोर्नियात दर फेब्रुवारीला बदामाच्या बागांना बहर येतो तेव्हा दूरदूरच्या राज्यांतून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर लादून परागीभवनासाठी तिथे नेल्या जातात, ही माहिती मधाची बाटली परत करताना आठवायची नसते. बदामाच्या दुधाला पाणीही सोयाच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त लागतं. तरी ते गाईच्या दुधापेक्षा कमीच, आणि जमीन व हरितवायूंचा हिशेब मांडला तर कुठलंही वनस्पतीचं दूध गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ हलकं पडतं. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी घेऊन हे मांडलं गेलं होतं. म्हणजे साधं सोयाचं किंवा ओट्सचं दूध घेऊन गप्प बसलात तरी काम होतं. गप्प बसणं हीच तर अडचण आहे.

त्यानंतर येतं लेबलवाचन. दुकानात मांडणीसमोर, दोन्ही बाजूंनी वाट अडवून, पुडा नाकाजवळ धरून उभं राहायचं. घटकांच्या यादीतला ई १२० हा संकेतांक म्हणजे कोचिनियल किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई ९०४ म्हणजे लाखेच्या किड्याची देणगी, गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी. ई ९०१ म्हणजे मेण, मधमाश्यांचं. जिलेटिन कातड्या-हाडांतून येतं. ड३ जीवनसत्त्वाच्या बहुतेक गोळ्यांचा उगम मेंढीच्या लोकरीतल्या चरबीत असतो. दगडफुलापासून केलेलं ड३ मिळतं, ते वेगळं. काही बियर आणि वाईन माश्यांच्या हवेच्या पिशव्यांनी नितळ करतात. आणि सगळ्यात गोड चेष्टा म्हणजे ‘दूधविरहित’ म्हणून विकली जाणारी काही कॉफीची पावडर, जिच्यात सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचंच प्रथिन, बिनबोभाट बसलेलं असतं. एवढं सगळं पाठ झालं की ते स्वतःसाठी वापरण्याची चूक करू नका. दुसऱ्याच्या टोपलीत डोकावून वापरा. ‘दुधाचा अंश असू शकतो’ अशी ओळ पुड्यावर दिसली तर आणखी उत्तम. ती सूचना ॲलर्जी असलेल्यांसाठी असते, एकाच यंत्रावर दोन पदार्थ होतात म्हणून. घटकांशी तिचा संबंध नसतो. पण गरीब बिचाऱ्या काउंटरवरच्या मुलाशी अर्धा तास वाद घालायला ती पुरेशी आहे.

अशी शोधाशोध करत गेलं तर प्राणी कुठे कुठे निघतील सांगता येत नाही. गाडीच्या टायरमध्ये स्टिअरिक आम्ल घालतात आणि ते कधी कधी जनावराच्या चरबीतून आलेलं असतं. जुन्या फोटोफिल्मवर जिलेटिनचा थर असायचा. लक्षात ठेवा, हा शोध आपल्या गाडीपाशी येऊन थांबतो. त्यासाठी व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच सोय आहे: शोषण टाळायचं ते ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर’. ही ओळ फार मौल्यवान आहे. स्वतःबद्दल बोलताना ती सावकाश, ठासून वाचायची. दुसऱ्याबद्दल बोलताना मधली ओळ गाळून पुढे जायचं. दूध न पिण्याचं व्रत घेतलेल्या गांधीजींनी १९१८ च्या दुखण्यात, व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती या आधारावर, कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध घेतलं, आणि पळवाट काढल्याचं हे शल्य त्यांना आयुष्यभर बोचत राहिलं. तुम्ही काही बोचून घेऊ नका. काळ बदललाय.

कपड्यांचा विषय निघाला की कपाट रिकामं करा. सगळं. दहा वर्षं वापरलेला, अजून दहा वर्षं टिकेल असा चामडी पट्टा कचऱ्यात टाका. त्याने ती गाय परत येत नाही हे खरं, पण जुना पट्टा वापरत राहिलात तर नवीन विकत कसं घेणार? व्हीगन चामडं घ्या. नाव भारदस्त आहे. बहुतेक वेळा आत पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी, म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. बूट नवे असताना झकास दिसतात. पुढे पावलाच्या घडीवर, जिथे बोटं वाकतात, तिथे बारीक भेगा पडतात. मग भेगांच्या कडा वर उचलतात आणि एक दिवस मोज्यावर काळे पापुद्रे दिसायला लागतात. शिवून घेता येत नाही, पॉलिश बसत नाही. फेकायचे आणि नवे आणायचे. अननसाच्या पानांच्या धाग्यांपासूनही चामड्यासारखं कापड करतात, आणि ती कल्पना खरंच हुशारीची आहे. वरचा लेप बहुधा प्लास्टिकचाच, पण ‘अननस’ शब्दामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

लोकर सोडा. मेरिनो मेंढ्यांना माश्यांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून ऑस्ट्रेलियात त्यांच्या शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याची पद्धत आहे. हे एकदा वाचल्यावर स्वेटर अंगाला टोचायला लागतो, आणि लागायलाच हवा. त्याच्या जागी फ्लीस घाला. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म धागे पाण्यात जातात, पाणी समुद्रात जातं आणि मासे ते खातात. मासे ओरडत नाहीत. रेशीमही सोडा, कारण अखंड धागा मिळावा म्हणून किडा आत असतानाच कोष वाफवतात किंवा उकळतात. त्याऐवजी ‘दयाळू रहा’ असं छापलेला स्वस्तातला टीशर्ट घ्या. तो कुणी शिवला, दिवसाचे किती तास बसून शिवला, त्याला काय मिळालं, हे विचारू नका. माणूस हाही प्राणीच, पण शिलाईच्या बाबतीत त्याला यादीतून वगळायची पद्धत आहे.

आता नातेवाईक. ‘प्रोटीन कुठून मिळतं?’ हा प्रश्न ते विचारणारच, आणि कधी नव्हे ते काका आहारतज्ज्ञ होणारच. डाळी, सोया, दाणे, टोफू असं सरळ उत्तर देऊन विषय मिटवू नका. गोरिलाचं उदाहरण द्या. गोरिला दिवसातला मोठा वेळ पाला चघळण्यात घालवतो आणि त्याला नोकरी नसते, हे सांगायची गरज नाही. मग समोरून हमखास येतो तो दुसरा प्रश्न, ‘वनस्पतींना जीव नसतो का?’ कोंबडीची तंगडी हातात धरून पालकाच्या वेदनांनी व्याकूळ झालेला माणूस पाहणं हे भाग्य आहे, ते वाया घालवू नका. जगातल्या सोयाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा जनावरांच्या खाद्यात जातो, म्हणजे वनस्पती वाचवायच्या तरी आधी तंगडीच खाली ठेवावी लागेल, हा मुद्दा एका वाक्यात सांगून होतो. तुम्ही तो पाऊण तास सांगा.

बी१२ घेऊ नका. म्हणजे, घ्यायला हवं हे सगळे शहाणे व्हीगन सांगतात. हे जीवनसत्त्व जिवाणूंकडून तयार होतं, वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, आणि मोठ्या माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम एवढंसं पुरतं. स्वस्त गोळी आहे. पण गोळी घेणं म्हणजे आपला आहार अपुरा असल्याची कबुली नाही का? त्यापेक्षा हातापायांना मुंग्या येऊ द्या. हिरव्या भाज्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्त तपासणीत ॲनिमिया लवकर दिसत नाही आणि नसा आतल्या आत बिघडत राहतात. म्हणजे निदान होईपर्यंत तुम्ही अभिमानाने फिरू शकता.

शेवटची सूचना. तुमच्या ओळखीत असा एखादा माणूस नक्की असेल, जो गेली कित्येक वर्षं दूध घेत नाही, अंडी खात नाही, आणि हे तुम्हाला योगायोगानेच कळलं. त्याच्यापासून लांब राहा. त्याच्या घरी जेवायला तर जाऊच नका. जेवण चांगलं असतं, नक्कल कशाचीच नसते, आणि जेवताना दुसऱ्याच विषयावर गप्पा होतात. शिवाय त्याच्या दाराशी जुने चामडी बूट असतात, तळ नवा बसवून घेतलेले. त्यांचा फोटो तेवढा काढून ठेवा, कधीतरी कामाला येईल.