उलटा हेगेल आणि सरपणाची मोळी

‘मार्क्सने जर्मन तत्त्वज्ञ हेगेलला उलटं केलं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून वर्गसंघर्ष शोधून काढला आणि इतिहास म्हणजे निव्वळ पैसा, असं जगाला सांगितलं.’ ऐतिहासिक भौतिकवादाच्या, म्हणजे माणसं जगण्यासाठी उत्पादन कसं करतात यावरून इतिहास समजून घेण्याच्या सिद्धांताच्या, जन्माची ही गोष्ट मार्क्सचे चाहते आणि विरोधक दोघंही तितक्याच हौसेने सांगतात.

लंडनचं लगेच निकालात काढू. मार्क्स तिथे राहायला गेला १८४९ मध्ये. मित्र आणि सहलेखक एंगल्ससोबत या सिद्धांताचं हस्तलिखित त्याने ब्रुसेल्समध्ये १८४५-४६ लाच लिहिलं होतं. प्रकाशक मिळेना, तेव्हा उंदरांना कुरतडायला सोडून दिलं, असं तो स्वतःच पुढे सांगतो.

हेगेलचं ऋण खरंच आहे. पण विचारांना पाया मानणारी हेगेलची पद्धत डोक्यावर उभी आहे, ती उलटवायला हवी, हे ते प्रसिद्ध वाक्य मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीला १८७३ मध्ये जोडलेल्या मजकुरातलं. सुरुवात कुठे झाली हे मार्क्सने १८५९ च्या एका प्रस्तावनेत सांगितलंय: कोलोनच्या वर्तमानपत्रात संपादक असताना भौतिक हितसंबंधांवर लिहायची पाळी आली आणि पंचाईत झाली. विषय काय, तर सरपण! ऱ्हाइन प्रांताच्या सभेत जंगलात पडलेल्या वाळक्या काटक्या वेचणं चोरी ठरवण्याची चर्चा झाली होती. गरिबांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. झाडापासून फांदी गळून पडली की मालकीही गळाली, असा मार्क्सचा १८४२ मधला युक्तिवाद. मोळी बांधणारी बाई गुन्हेगार आणि दंडाची रक्कम जंगलमालकाच्या खिशात! कायदा कुणाच्या बाजूने बोलतो, हे त्याला हेगेलच्या पानांत नाही, इथे दिसलं. एंगल्स दुसऱ्या वाटेने तिथेच पोचला, मँचेस्टरच्या सूतगिरण्या बघून.

वर्गसंघर्षाच्या शोधाचं श्रेय तर मार्क्सने स्वतःच नाकारलंय. १८५२ च्या एका पत्रात तो लिहितो, वर्ग आणि त्यांची झुंज माझ्याआधीच बूर्झ्वा, म्हणजे भांडवलदार वर्गाच्या, इतिहासकारांनी मांडली. आणि थिएरी, गिझो हे फ्रेंच इतिहासकार वाचायला सांगतो. हाच गिझो मंत्री असताना त्याच्या सरकारने १८४५ मध्ये मार्क्सला पॅरिसमधून हाकललं होतं, हे विशेष. शिकार, पशुपालन, शेती, व्यापार अशा निर्वाहाच्या पायऱ्यांनी समाज समजून घेण्याची रीत तर अठराव्या शतकातल्या स्कॉटिश विचारवंतांची.

राहिला ‘निव्वळ पैसा’. एंगल्सने १८९० मध्ये ब्लोख नावाच्या तरुणाला पत्रात लिहिलं: आर्थिक घटक हा एकमेव निर्णायक, असं कुणी फिरवलं तर त्या विधानाला अर्थच उरत नाही. तरुण मंडळी आर्थिक बाजूवर नको इतका भर देतात, याचा थोडा दोष माझा आणि मार्क्सचाच, हेही त्याच पत्रात आहे.